गोत्र विचारणाऱ्या गायधनी मॅडम

गायधनी मॅडम माझ्याशी बोलल्या ते पहिले दोन शब्द होते, "हात काढ."

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चाचणी प्रयोगशाळेत माझा पहिला दिवस होता. शेडच्या मधोमध लोखंडाचं भलंथोरलं टेबल होतं, जमिनीच्या पातळीत बसवलेलं. बंद आहे असं समजून मी वाकून त्याला हात लावला. मॅडमनी माझं नाव विचारलं नाही, कुठून आलीस विचारलं नाही. हात काढ म्हणाल्या आणि मी काढला. मग म्हणाल्या, "बंद आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"हलत नाहीये ना," मी म्हटलं.

"हलत नाही म्हणजे बंद नाही. पंप चालू आहे, तेलात दाब आहे. नुसतं गप्प बसलंय. बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्याला जास्त भ्यावं." एवढं सांगून त्या निघून गेल्या. ही बाई आपल्याला महिनाभरही टिकू देणार नाही, असं मी त्या संध्याकाळी घरी सांगितलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि त्यातला एकच आठवडा त्यांच्या आवाजाशिवाय गेला.

त्या रागीट होत्या. हे मी सुरुवातीलाच लिहिते, कारण आता त्यांच्याबद्दल बोलताना लोक 'जरा तापट, पण मनाने चांगल्या' असं म्हणतात आणि ते ऐकलं की माझंच डोकं फिरतं. 'पण' कशाला? त्या मनाने चांगल्या होत्या म्हणूनच तापट होत्या. आमच्याकडे पुरुष ओरडला की तो कडक साहेब होतो. बाई ओरडली की तिच्या घरी काहीतरी बिनसलेलं असतं. मॅडमच्या घरी काही बिनसलं नव्हतं. नवरा बँकेत होता, गंगापूर रोडला घर होतं, आणि त्यांच्या हातची कोथिंबीर वडी मी स्वतः खाल्ली आहे. जे बिनसलं होतं ते आमच्या शेडमध्ये होतं.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. विजेचं मोठं पॅनेल, कपाटाएवढं किंवा त्याहून उंच, भूकंपात उभं राहील का, ट्रकमधून खड्डे खात गेल्यावर त्याच्या आतलं सामान जागेवर राहील का, हे आम्ही तपासायचो. टेबलाखाली तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे. टेबलावर पॅनेल बोल्टने आवळलेलं. काचेमागच्या केबिनमध्ये संगणक, आणि तो सांगेल तसं टेबल हलायचं. ऐकायला सोपं आहे. पण टेबलावर काय ठेवलंय त्याप्रमाणे टेबलाची चाल बदलते. उंच पॅनेल डोलायला लागलं की ते टेबलालाच आपल्यामागे ओढतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि दिलेला हुकूम खाली उशिरा पोचतो. गिऱ्हाईक म्हणतं वजन एवढं आहे आणि असतं भलतंच. म्हणजे ज्याला हलवायचंय त्याच्याविषयी आपल्याला पुरतं काहीच ठाऊक नसतं, आणि हलवायचं मात्र बरोबर असतं.

मॅडमचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंचं पौरोहित्य करायचे. मॅडम नोकरीत माहेरचंच आडनाव लावत. लहानपणी त्या वडिलांसोबत घाटावर जाऊन बसत, आणि तिथलं एक त्यांनी उचललं होतं ते जन्मभर सोडलं नाही. कुठूनही आलेला यजमान असो, भटजी आधी त्याला गोत्र विचारणार, मगच संकल्प सोडणार. आमच्या प्रयोगशाळेत नवं पॅनेल आलं की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गोत्र विचारलं का?"

म्हणजे असं की, खरी चाचणी सुरू करण्याआधी टेबल अगदी हळू, हाताला जेमतेम कळेल इतकंच, सगळ्या तऱ्हांनी हलवून पाहायचं. पॅनेल कुठे डोलतं, कुठे अडून बसतं, कुठे खुळखुळतं, ते संगणकाने टिपून घ्यायचं. मग त्याच्या स्वभावाप्रमाणे हुकूम तयार करायचे. जिथे पॅनेल दाद देत नाही तिथे जोर वाढवायचा, जिथे आपणहून उसळतं तिथे हात आखडता घ्यायचा. आणि हे दर वेळी करायचं. तेच पॅनेल दुसऱ्या दिवशी आलं तरी पुन्हा करायचं.

"गोत्र ठाऊक नसलं तर काय करतात?" मी एकदा विचारलं होतं.

"काश्यप धरतात. ज्याला आपलं गोत्र माहीत नाही तो काश्यप. सगळ्यांची सोय लावून ठेवलीय आपल्या लोकांनी." मग बोट उगारून म्हणाल्या, "पण आधी विचारतात. न विचारताच काश्यप म्हणून मोकळं होणारा भटजी माझ्या वडिलांनी घाटावर उभा केला नसता."

आमच्या संगणकातही एक 'काश्यप' होता. ज्या वस्तूविषयी काहीच कळत नाही तिच्यासाठी मॅडमनी बेतलेली सगळ्यात सावध, सगळ्यात मऊ मांडणी. त्यावर काम हळू चालायचं. आमचे विभागप्रमुख प्रधान साहेब या काश्यपवर फार चिडायचे. "अहो मॅडम, गिऱ्हाईक बाहेर बसलंय," म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, "बसू दे. पंखा आहे तिथे."

एकदा पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. महागडा शर्ट, दोन मोबाइल. मागच्या वेळचंच पॅनेल आहे, सगळं तेच आहे, मागच्याच फायलीवर चालवा, असा त्याचा हेका होता. मॅडमनी त्याच्या तोंडाकडेसुद्धा न बघता गोत्र विचारायला घेतलं. पडद्यावरची रेघ खालच्या बाजूला वेडीवाकडी यायला लागली. मॅडम उठल्या, पंप बंद करवला, तेलाचा दाब उतरल्याचं स्वतः पाहिलं आणि पॅनेलचं खालचं दार उघडलं. आत नटबोल्टने गच्च भरलेली एक पिशवी होती. जोडणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी विसरलेलं. पूर्ण जोराने टेबल हललं असतं तर ती पिशवी आत सगळीकडे फिरून आली असती. मॅडमनी पिशवी त्या माणसाच्या मांडीवर नेऊन ठेवली. "सगळं तेच आहे," एवढंच म्हणाल्या. त्याचा शर्ट तेलकट झाला. प्रधान साहेबांनी त्या दिवशी मॅडमची तक्रार वर केली, गिऱ्हाइकाशी वागणूक बरोबर नाही म्हणून. पिशवीचा त्या तक्रारीत उल्लेख नव्हता.

मॅडमची दोन वाक्यं आम्हा सगळ्यांना पाठ होती. एक, "माहीत नाही म्हणायची मला लाज वाटत नाही. माहीत करून घेतलं नाही म्हणायची वाटते." आणि दुसरं, कोणी म्हणालं की मॅडम, एवढ्या ओरडू नका, तर, "यंत्रावर ओरडून उपयोग नसतो, म्हणून त्याच्याशी मी सबुरीने घेते. माणसावर ओरडते, कारण ते ऐकेल अशी अजून आशा आहे." ही आशा त्यांनी प्रधान साहेबांच्या बाबतीत फार दिवस धरली. मला ती कधीच नव्हती.

त्यांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. चाचणी चालू असतानाच पॅनेलचा बदलता स्वभाव ओळखून हुकूम सुधारत जाणारा. प्रधान साहेबांनी तो गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून कंपनीचं नाव केलं. आमचं टेबल आपोआप शिकतं, असं सांगायचे. मॅडमना ते 'आपोआप' सोसायचं नाही. "शिकतो, पण शिकायला त्याला वेळ लागतो," त्या म्हणायच्या. "सायकल शिकणारं पोरगं आधी पडतं. इथे पडलं तर काय पडेल ते बघा." म्हणून त्यांनी प्रोग्रॅमला एक मर्यादा घातली होती. ठरावीक हद्दीपलीकडे टेबल गेलं की सगळं बंद पडायचं. ती हद्द त्यांना विचारल्याशिवाय कोणी बदलायची नाही, असा नियम होता.

आता दिलीपविषयी सांगते. दिलीप दिंडोरीकडचा, टेबलावर पॅनेल चढवणं, आवळणं आणि चाचणीच्या वेळी खाली उभं राहून नजर ठेवणं हे त्याचं काम. भिंतीवरच्या लाल बटणाशी त्याची जागा. टेबलाभोवती जमिनीवर पिवळी रेषा आखलेली आहे, टेबल चालू असताना त्या रेषेच्या आत कोणी जायचं नाही, आणि दिलीप कधी जायचा नाही. मॅडम त्याला दिवसातून चार वेळा झापायच्या आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला बोल्ट आवळू द्यायच्या नाहीत.

जानेवारीतली गोष्ट. निफाडचा घसरलेला पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांतली. मॅडमची आई सकाळी न्हाणीघरात पडली म्हणून त्या तिला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. प्रधान साहेबांना फोन करून त्यांनी सांगितलं होतं की मी येईपर्यंत टेबल चालवू नका. तेल गार असेल, आधी अर्धा तास पंप नुसता फिरू दे, आणि गोत्र पुन्हा विचारावं लागेल, कारण काल संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या माणसांनी पॅनेलमध्ये बॅटऱ्या बसवल्या आहेत. हे बोलणं स्पीकरवर झालं. मी साहेबांच्या ऑफिसातच उभी होते. साहेब "हो हो, या तुम्ही आरामात" म्हणाले. मी वरच्या मजल्यावर माझ्या कामाला गेले.

पुढचं मला खूप नंतर दिलीपने सांगितलं. प्रधान साहेब स्वतः केबिनमध्ये जाऊन बसले. गार तेलावर टेबल सुरू केलं, कालची फाइल लावली, गोत्र विचारलं नाही. दिलीपने खालून विचारलं, "साहेब, मॅडमची वाट बघायची ना?" साहेब म्हणाले, "प्रोग्रॅम शिकतो ना? शिकेल चालता चालता." टेबल सुरू झालं की हद्दीवर जाऊन बंद पडायचं. असं दोनदा झालं. यंत्र नको नको म्हणत होतं. तिसऱ्या वेळी साहेबांनी हद्दच वाढवली.

पुढे काय झालं ते समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. काल पॅनेल एका तालाला दाद देत नव्हतं म्हणून कालच्या फायलीत तिथे जादा जोर होता. संध्याकाळी बॅटऱ्यांचं वजन आत आलं आणि पॅनेल नेमकं त्याच तालाला डोलायला लागलं. तेल गार, त्यामुळे सुधारणा करणारा हुकूम उशिरा पोचत होता, आणि उशिरा पोचलेला हुकूम थांबवायच्या ऐवजी आणखी ढकलत होता. मी वरून धडाड्‌ आवाज ऐकला. खाली आले तेव्हा पॅनेल बोल्ट तुटून आडवं पडलेलं होतं, पिवळ्या रेषेच्या कितीतरी बाहेर, आणि दिलीपचा उजवा पाय त्याच्या कडेखाली होता. भिंतीवरच्या लाल बटणावर त्याच्या तेलकट हाताची छाप होती, म्हणजे पडता पडता त्याने बटण दाबलं होतं.

पाय वाचला, पण आत सळी बसली आणि लंगडणं कायमचं झालं.

दिलीप दवाखान्यात असतानाच प्रधान साहेबांनी वर कळवून टाकलं की कामगार पिवळ्या रेषेच्या आत गेला होता, त्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. गिऱ्हाइकाची माणसं तेव्हा चहाला गेली होती. कॅमेरा पॅनेलवर रोखलेला होता, जमिनीवर नाही, आणि दिलीपचा पाय सोडवताना पॅनेल पडल्या जागेवरून हलवलेलं होतं. हद्द वाढवल्याची नोंद संगणकात होती, तर साहेब म्हणाले ती तांत्रिक बाब आहे, रेषेबाहेर उभं राहणाऱ्याला तिने काही धोका नव्हता. लंगडा होणार तो दिलीप, आणि दोषीही दिलीपच.

मॅडम त्या आठवड्यात कोणावर ओरडल्या नाहीत. मला त्याचीच धास्ती वाटली.

चौकशीला मुंबईहून दोन संचालक आले. मॅडमनी त्यांना मीटिंगच्या खोलीत बसू दिलं नाही, शेडमध्ये आणलं. गिऱ्हाइकाचं तसंच दुसरं पॅनेल, आत तशाच बॅटऱ्या, त्यांनी टेबलावर आवळून ठेवलं होतं. सकाळची वेळ, तेल गार. पंप घुमत होता. पडद्यावर त्या दिवशीची फाइल आणि त्या दिवशीची हद्द. आपण जिथे उभे होतो म्हणून दिलीपने मॅडमना खासगीत सांगितलं होतं, तिथे, पिवळ्या रेषेच्या बाहेर, त्यांनी खडूने एक चौकोन काढला होता.

"प्रधान साहेब," त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं आहे की रेषेच्या बाहेर धोका नव्हता."

"बरोबर."

"मग इथे उभे राहा. मी तुम्हाला रेषेच्या आत बोलवत नाहीये. बाहेरच उभे राहा. मी केबिनमध्ये जाते आणि तुम्ही चालवलं तसंच चालवते."

साहेब हसले. संचालकांकडे बघून हसले. ते हसले नाहीत. साहेब म्हणाले, "मॅडम, हा काय पोरखेळ आहे."

"पोरखेळ असेल तर उभे राहायला काय जातंय?"

साहेब एक पाऊल पुढे आले. पॅनेलकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागे सरले आणि म्हणाले, "सुरक्षेच्या नियमांत हे बसत नाही."

मॅडम संचालकांकडे वळल्या. "झाली चौकशी," म्हणाल्या. टेबल चालवायची वेळच आली नाही. नंतर मी त्यांना विचारलं, "ते खरंच उभे राहिले असते तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "टेबलाकडे तेल सोडणारा व्हॉल्व्ह मी आधीच कुलूप लावून बंद केला होता. तो मूर्ख आहे म्हणून मी त्याच्या पायावर पॅनेल पाडू? मी काय प्रधान आहे?"

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण मोठ्या कंपन्या हरल्या तरी हरल्या असं म्हणत नाहीत. दोन महिन्यांनी निष्कर्ष आला. कामगाराचा निष्काळजीपणा हे शब्द गेले होते. त्यांच्या जागी आलं होतं, अपघात अनपेक्षित तांत्रिक कारणामुळे घडला. कोणाचाच दोष नाही. दिलीपला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. प्रधान साहेब होते तिथेच राहिले.

'अनपेक्षित' हा शब्द वाचून मॅडम जेवढ्या पेटल्या तेवढं पेटलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अनपेक्षित?" सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "फोनवर सांगितलं होतं मी. तेल सांगितलं, बॅटऱ्या सांगितल्या, गोत्र सांगितलं. ज्याची आगाऊ खबर दिली त्याला अनपेक्षित म्हणायचं? उद्या सूर्य उगवला तरी अनपेक्षित म्हणाल." फोनचं बोलणं मी ऐकलं होतं, आणि चौकशीत मी ते सांगितलंही होतं. ते कोणी खोडून काढलं नाही. नुसतं बाजूला ठेवलं, आणि दिलीप चौकशीत साहेबांविरुद्ध बोलायला तयार झाला नव्हता. त्या आता वर लिहिणार होत्या, कामगार आयुक्तांकडे जाणार होत्या, शब्द बदलून घेतल्याशिवाय राहणार नव्हत्या.

तेव्हा दिलीप काठी टेकत त्यांच्या केबिनमध्ये आला. मी तिथेच होते.

"मॅडम, लय झालं आता," तो म्हणाला. "नाव तर सुटलं ना माझं. राहू द्या."

"तुझं नाव सुटलं आणि त्याचंही सुटलं. पाय तेवढा तुझा अडकला. हे चालतं तुला?"

"नाय चालत. पन करू काय? मला हितंच काम करायचंय. तुम्हाला दुसरीकडं कुठं बी घेतील, मॅडम. मला लंगड्याला कोन घेनार हाय?"

मला दिलीपचा राग आला नाही. पायही आपला आणि विनवणीही आपणच करायची, अशी त्याची गत ज्यांनी केली त्यांचा आला. तो गेल्यावर मॅडमनी त्याच्यामागे केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. त्याच्या भाकरीवर मला भांडता येणार नाही." आणि थोड्या वेळाने, "पण त्या शब्दाखाली बसून मला कामही करता येणार नाही." त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नोकरीची बरीच वर्षं शिल्लक होती.

निरोप समारंभ कँटीनमध्ये झाला. सामोसे, वेफर्स, चहा, आणि एका टेबलावर शाल आणि नारळ. मॅडम येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या आल्या. प्रधान साहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सगळं म्हटलं. मॅडमनी प्रयोगशाळेला शिस्त लावली, मॅडम आमच्या कुटुंबाचा भाग आहेत, मॅडम जरा तापट, पण मनाने चांगल्या. मग त्यांनी शालीची घडी उलगडली आणि मॅडमच्या खुर्चीकडे आले.

मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. "एक वाक्य बोला, मग घाला. दिलीपचा पाय कशामुळे मोडला?"

"अहो मॅडम, आजच्या दिवशी कशाला..."

"माझ्याकडे आजचाच दिवस आहे. उद्यापासून मला गेटवर पास काढावा लागेल."

"चौकशी झालेली आहे. निष्कर्ष आपल्यासमोर आहे."

"निष्कर्ष मला पाठ आहे. मी कारण विचारतेय."

साहेब शाल दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. कँटीन भरलेलं होतं. शॉप फ्लोअरची माणसं, ऑफिसची माणसं, मुंबईहून आलेली एचआरची बाई. सगळे आपापल्या सामोशाकडे बघत होते. मी बोलायला उठणार होते, एवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"म्या सांगतो."

दिलीप भिंतीला टेकून उभा होता. काठी त्याने बाजूला ठेवली.

"तेल गार व्हतं," तो म्हणाला. "मॅडमनी फोनवर नको म्हणलं व्हतं. साहेबांनी कालची फाइल लावली. टेबल दोनदा बंद पडलं तर साहेबांनी लिमिट वाढवलं. म्या रेषेच्या भाइर व्हतो. लाल बटनाजवळ. पॅनेल तिथवर आलं." मग म्हणाला, "बस, एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही. हे काही टाळ्या वाजवायचं प्रकरण नव्हतं. दिलीपला कामावरून काढलं नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिकडेच लागून राहील. त्याला काढायचं तर काही कारण लिहावं लागलं असतं, आणि खरं काय ते सगळ्या कँटीनने ऐकलेलं होतं. पण हे नंतर कळलं. त्या क्षणी त्याला ते माहीत नव्हतं, आणि आम्हालाही नाही.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "प्रधान साहेब, ती शाल त्याच्याकडे द्या," म्हणाल्या. साहेबांनी दिली. माझ्या आयुष्यात मी त्यांना कोणाचं एवढ्या पटकन ऐकताना पाहिलं नव्हतं. दिलीप लंगडत खुर्च्यांच्या मधून पुढे आला. शाल कशी घालतात ते त्याला माहीत नव्हतं, त्याने ती उलटी घातली, नक्षीची बाजू आत. मॅडमनी मान खाली केली आणि घालून घेतली. त्या रडल्या असं सांगणारे लोक भेटतील. मी शेजारीच होते. त्या रडल्या नाहीत. त्या रागात होत्या, आणि राग कोणावर होता ते त्यांनाही त्या वेळी सांगता आलं नसतं.

"हे तेव्हाच बोलायचं होतंस," त्या त्याला म्हणाल्या.

"तवा भीती वाटत व्हती, मॅडम."

"आणि आता?"

"आताबी वाटती," दिलीप म्हणाला.